रोमचा सम्राट आणि माझी आई

६ एप्रिल २०२५

संघमित्रा बोलणार! इथल्या मराठी मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत, माइकवर, मराठीत! "जेवलीस का?" विचारलं तर "ऑलरेडी एट" म्हणणारी माझी सतरा वर्षांची लेक! नाव मी परस्पर देऊन आलो, तिला रात्री जेवताना सांगितलं. आधी फणफणली. मग विषय विचारला. "राजा आणि धर्म." शाळेत सध्या रोमन साम्राज्य चालू आहे म्हणे. "रोम असेल तर करते." रोम तर रोम! माझी ना नाही.

आई खुशीत. व्हिजिट व्हिसावर इथं आखातात आल्यापासून पहिल्यांदाच जिदहफ्सच्या या फ्लॅटमध्ये तिला काही घडताना दिसतंय.

९ एप्रिल

भाषण मी लिहिणार. इथली पद्धतच आहे. बाप लिहितो, पोर रोमन लिपीत उतरवून पाठ करते, आई पहिल्या रांगेत ओठ हलवते. तिकडे जनाबियाच्या श्रीमंत व्हिलांतही हेच चालतं, मला माहीत आहे.

दोन दिवस कॉन्स्टंटाइनवर वाचलं. काय माणूस! छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिली. स्वतः बाप्तिस्मा घेतला तो मात्र अगदी शेवटच्या आजारपणात — आणि त्यानंतर सम्राटाची जांभळी वस्त्रं अंगाला लावली नाहीत, पांढरीच नेसला म्हणे. पांढरी! अंगावर काटा आला. हा तर आमच्या अशोकाचा रोममधला भाऊच.

आणि शेवटी आमचे आजोबा घातले. का नाही घालायचे? छप्पन साली नागपूरला चालत गेले, दीक्षा घेऊन आले, दुसऱ्या दिवशी घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत! पुढे आई सून म्हणून आली, तिनं माहेरहून आणलेली देवीही तिसऱ्या दिवशी नदीत. शेवटचं वाक्य असं — "रोमच्या सम्राटांना जे सत्तर वर्षांत जमलं, ते माझ्या पणजोबांनी एका सकाळी केलं!" लिहून झाल्यावर मीच दोनदा मोठ्यानं वाचलं.

ऑफिसात मी डॉक्युमेंट कंट्रोलर. माझ्या शिक्क्याशिवाय एकही ड्रॉइंग साइटवर जात नाही. हे भाषणही मनातल्या मनात "अप्रूव्ह्ड" करून टाकलं.

११ एप्रिल

परत आलं! अप्रूव्ह्ड ड्रॉइंग, साइटवरून परत!

"बाबा, धिस इज नॉट हिस्टरी. धिस इज अ पोस्टर."

मला समोर बसवून शिकवलं. कॉन्स्टंटाइननं परवानगी दिली, ती सगळ्यांनाच — ज्याला जो देव हवा तो. पण पुढे थिओडोशियस आला. त्यानं फर्मान काढलं की सगळ्यांनी अमुक एकच श्रद्धा मानायची, न मानणारे ते वेडे. मग जुनी देवळं बंद, नैवेद्य बंद. "छळ झालेले लोकच नंतर ऑर्डर काढायला लागले, बाबा. हू आस्क्ड द पीपल?"

मी म्हणालो, वाईट प्रथा जात असेल तर विचारायचं काय त्यात? ती म्हणाली, "एक्झॅक्टली व्हॉट थिओडोशियस सेड."

बापाला थिओडोशियस म्हणते! नीलम स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. बायको आहे की परीक्षक?

१४ एप्रिल

जयंती. पांढरे कपडे, निळे झेंडे, आईच्या हातची खीर. त्रिशरण नेहमीप्रमाणे मीच सांगितलं, मागून सगळा हॉल. आवाज अजून खणखणीत आहे माझा!

१८ एप्रिल

संघमित्राच्या हट्टापायी समाहीज गावाला गेलो. तिच्या इतिहासाच्या खदिजा टीचरनी वर्गात सांगितलं होतं, की तिथल्या कब्रस्तानातल्या ढिगाऱ्याखाली जुनी ख्रिस्ती वास्तू सापडली आहे, रोमन सम्राटांच्याच काळातली. मला वाटलं मोठं चर्च असेल. बघतो तर कमरेएवढ्या दगडी भिंती, लहान लहान खोल्या.

आई उन्हात पदर डोक्यावर घेऊन बराच वेळ बघत राहिली. "इथं कोन राह्यचं व पोरी?" पोरीनं सांगितलं — मोडक्या मराठीत का होईना, पण मराठीत! — की या बाजूला इराणच्या शहाचं राज्य होतं. रोमचा सम्राट ख्रिस्ती झाल्यावर शहाला आपल्याकडचे ख्रिस्ती लोक शत्रूचे वाटायला लागले, त्यानं त्यांना छळलं. तरी लोकांनी सोडलं नाही. इथं प्रार्थना चालूच होती. "यांना कुणा सम्राटाने सांगितलं नव्हतं, आजी. दे जस्ट वाँटेड इट."

आई म्हणाली, "म्हंजे मनानं."

परत येताना गाडीत दोघी मागच्या सीटवर हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मी एसीचा आवाज कमी केला तेव्हा गप्प झाल्या.

२१ एप्रिल

आज ऐकू नये ते ऐकलं. नाही, ऐकावं ते ऐकलं. काय ते अजून ठरत नाही.

भाषण मी पुन्हा सुधारून मोठ्यानं वाचत होतो. नदीपर्यंत आलो. आई ताटात तांदूळ निवडत होती, हात थांबला. संघमित्रानं सरळ विचारलं, "आजी, ती देवी कशी होती?"

"पितळीची. बोटायेवढी. माह्या मायनं देल्ली होती, लग्नात. दुसरं काही नोहतंच तिच्यापाशी द्याले."

मी म्हणालो, आई, अगं पण आजोबांनी योग्यच केलं की! त्यांनी धम्म आणला म्हणून मी शिकलो, म्हणून आज इथं आहे.

"योग्यच केलं," आई म्हणाली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. "मामाजी देवमानूस होते. त्याहीनं इचारलं असतं तं मी हो म्हनली असती. माह्या हातानं सोडली असती नदीत." मग पुन्हा तांदूळ निवडायला लागली. "इचारलंच नाही पन."

ही गोष्ट मी लहानपणापासून सांगत आलोय. शाळेत, ऑफिसात, जयंतीच्या भाषणात. लोक टाळ्या वाजवतात. आई दर वेळी तिथंच बसलेली असायची. तिच्याकडे कधी पाहिलं नाही मी. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला — आजोबांचा नाही, आईचा नाही, मग कुणाचा ते कळेना.

२४ एप्रिल

शैलेंद्र यांचा फोन. मंडळाचे स्पर्धाप्रमुख, मोठ्या बँकेत आहेत, माणूस गोड. "दशरथजी, विषयाची टिपणं पाहिली. उत्तम! फक्त... रोमपर्यंतच ठेवा ना. नागपूरकडे कशाला यायचं? लोक उगाच..."

उगाच काय? मी विचारलं. ते म्हणाले, "नाही नाही, सहज."

संध्याकाळी पोरीला सांगितलं — नागपूर येणार! वाक्य कमी झालं तर रोमचं होईल! ती म्हणाली, "बाबा, आता भाषण मी लिहितेय. तुमचा शिक्का मफी."

मफी म्हणजे इथल्या अरबीत 'नाही'. आणि मला वाचायलाही दिलं नाही.

२ मे

झालं. कपडेही न बदलता लिहायला बसलोय.

हॉल भरलेला. पहिला जनाबियाचा गंधार, अकबरावर. पाठांतर चोख, एक श्वास चुकला नाही. मग आमची. हातात कागद नाही! मराठी अडखळती, र्‍हस्व-दीर्घाची तर होळी. पण माइक धरून सरळ उभी राहिली. कॉन्स्टंटाइन सांगितला, थिओडोशियस सांगितला, समाहीजच्या लहान खोल्या सांगितल्या. मग म्हणाली, "बाबासाहेब सम्राट नव्हते. त्यांच्याकडे फौज नव्हती, फर्मान नव्हतं. लोक स्वतःच्या पायांनी चालत आले. जगात असं किती वेळा झालं? म्हणून मला प्राउड वाटतं."

टाळ्या! मी उभाच राहणार होतो.

"पण माझी आजी चालत नाही आली. ती बैलगाडीतून आली, लग्न होऊन. तिच्या आईनं दिलेली देवी नदीत गेली, आणि तिला कुणी विचारलं नाही. बाहेर आमचे लोक फ्री झाले, तेव्हा घरात माझे पणजोबा सम्राट होते." थांबली. "बाबा पण थोडे सम्राट आहेत. या स्पर्धेत माझं नाव त्यांनी मला न विचारता दिलं. ही गोष्ट सांगायच्या आधी मी आजीला विचारलं. ती सांग म्हणाली."

हॉल हसला. माझे कान तापले. आधी लाज वाटली, खोटं कशाला लिहू? शेजारी नीलमनं माझा हात घट्ट धरला. पलीकडे आई ताठ बसलेली, डोळे पाण्यानं भरलेले, आणि चेहरा — असा चेहरा मी तिचा माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. तेव्हा मात्र छातीत काहीतरी मावेना झालं. माझी पोर!

दुसरा नंबर. दुसरा! पहिला गंधारला. परीक्षकांचं मराठी व्याकरण सुधारो, बाकी मी काही म्हणत नाही.

बाहेर चहाच्या टेबलाशी शैलेंद्र आले. मी भांडायच्या तयारीत. ते हळूच म्हणाले, "आठव्या वर्षी मुंज लावली हो माझी. मी रडत होतो. मलाही कुणी विचारलं नव्हतं." आणि आईच्या पाया पडले. चारचौघांत! आईनं त्यांना समोसा दिला.

३ मे

पोरीचं अजून संपलेलं नाही. सकाळी चहा घेताना आजीसमोर बसली. "आजी, आता मी विचारते. तुला हवाय का हा धम्म? नको असेल तर नको म्हण."

मी म्हणालो, काय वेडेपणा! साठ वर्षं वंदना म्हणतेय ती!

"बाबा, प्लीज."

आईनं बशी खाली ठेवली. "इचार करून सांगीन," म्हणाली.

विचार करून! जिच्या मुलाच्या मागे सगळा हॉल त्रिशरण म्हणतो, ती!

७ मे

आई अजून विचार करतेय. मी दोनदा आडून विचारलं. "घाई काय हाय तुले?" म्हणाली. नाही म्हणाली तर? माणसांना काय सांगू? ऑफिसात आज शिक्का उलटा मारला.

१० मे

आई एकटीच खिडकीशी बसते आणि स्वतःशी काहीतरी पुटपुटते. आज कान देऊन ऐकलं. पंचशील म्हणत होती. एक एक ओळ म्हणून थांबत होती, भाजीवाल्याकडचं वांगं उलटसुलट करून बघावं तशी. मी तसं कधी म्हटलेलंच नाही. मला पाठ आहे.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

पहाटे आई नवी पांढरी साडी नेसून आली. मी त्रिशरण सांगायला उभा राहिलो, तर हातानं मला बाजूला सारलं. "मले पाह्यजे," म्हणाली संघमित्राला. "कोनी सांगतलं म्हनून नाही. मले पाह्यजे." आणि मेणबत्ती लावून तिनं एकटीनं म्हटलं, बुद्धं सरणं गच्छामि. आम्ही तिघं तिच्या मागून.

मग वळली माझ्याकडे. "अन् दशरथ, तुले कोनं इचारलं होतं रे?"

बावन्न वर्षांचा मी. कुणीच नाही. मी जन्मलो तेव्हा ठरलेलंच होतं.

"आता मी इचारतो. तुले पाह्यजे काय?"

मी "हो" म्हणालो. इतक्या मोठ्यानं, की समोरच्या फ्लॅटमधल्या ताहिरभाईंनी दार उघडून विचारलं, "सब खैरियत?"