पुढच्या चाकावरची चार बोटं

बाबा,

कूलर मी केला, पत्रा कापण्यापासून वाळ्याच्या ताट्या बांधण्यापर्यंत सगळा. अंगणाचं लोखंडी फाटक मी केलं. आईच्या देवघराची सागवानी चौकट मी केली, आणि तिला एकही खिळा नाही. विहिरीवरची मोटर जळाली तेव्हा तांब्याची तार आणून ती घरीच भरली, अजून चालते. आणि आता या उन्हाळ्यात गाडीची चारही चाकं मी उतरवली, जंग काढला, रंग दिला. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुमचा राग त्याच्यावरच होता.

फाटक लावलं तो दिवस आठवतो. तुम्ही कामावरून आलात, फाटक दोनदा उघडलं, दोनदा लावलं, बिजागरीवरून अंगठा फिरवला. मी शेजारी उभा, कौतुकाची वाट बघत. तुम्ही विचारलंत, "कोनाजवळ शिकला हे?" मी म्हटलं, माझं मीच. "मंग अर्धंच झालं गा. बाकीचं अर्धं उस्तादाजवळ राह्यते." एवढं बोलून तुम्ही आत गेलात. पण जाताना फाटक आवाज न करता लावलंत, तेही मी पाहिलं होतं.

गाडी अजून कडुनिंबाखालीच आहे. ज्या मिरचीवाल्या शेठजींकडे तुम्ही ड्रायव्हर होतात, त्यांनी नवी घेतली आणि ही तुम्हाला दिली, तरी तुम्ही तिला शेवटपर्यंत शेठजींची गाडीच म्हणत राहिलात. मागच्या सीटवर कधी टेकला नाहीत. फिरायला निघालो की आई मागे एकटी आणि तुम्ही पुढे ताठ बसलेले, जणू तिला मिरचीच्या सौद्यासाठी भिवापूरला नेताय. आई म्हणायची, शेठाणी झाली मी, पण पगार कोण देते? डिकीत हात घातला की अजून शिंका येतात. इतकी वर्षं झाली, मिरची काही गेली नाही.

आई गेली, तुमची सूनही तीन वर्षांपूर्वी गेली. नातू पुण्याला नोकरीत आहे. तो म्हणतो, इकडे या, एकटे काय करता, आणि आधी ती गाडी काढा. गाडी गेली की मी निघेन हे त्यालाही ठाऊक आहे, मलाही. म्हणून गिऱ्हाईक शोधलं. लग्नात भाड्याने गाड्या देणारा एकजण येऊन बघून गेला. बाकी सगळं पसंत पडलं त्याला, फक्त चाकं म्हणाला, "काका, चाकं चकाचक पाहिजेत, नवरदेव उतरते तेव्हा फोटो तिथूनच काढतात." मी म्हटलं, चाकं मी घरीच करतो. बाहेर दिली असती तर त्यांनी जंगावरच रंग फासला असता.

तुम्हाला पद्धत सांगतो, कारण दुसरं कोणी ऐकत नाही. गाडी विटांवर चढवली. टायर काढून लोखंडी चाक मोकळं केलं. आधी रॉकेलचा बोळा, मग तारेचा ब्रश, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. जंग खडबडीत वाटेनासा होईपर्यंत नाही, बोटाला नुसता थंडपणा लागेपर्यंत घासायचं. खड्ड्यांत पुट्टी, ती वाळली की पुन्हा घासायची. त्यावर रेड ऑक्साईड, आणि शेवटी मलईचा रंग, डास मारायच्या पिचकारीनं उडवलेला. नागपूरच्या मे महिन्यात हा रंग ऊन वर यायच्या आत द्यावा लागतो, नाहीतर चाकावर पोचायच्या आधी हवेतच वाळतो. अंगणात आधी पाणी मारायचं, म्हणजे धूळ बसते. तीन चाकं अशी झाली की त्यांत तोंड दिसावं.

चौथं ड्रायव्हरच्या बाजूचं, पुढचं. त्याचा जंग निघाला आणि खाली चार रेघा निघाल्या. लोखंडात खोल गेलेल्या, वरून खाली. तीन लांब. दुसरी आखूड, जरा खालून सुरू झालेली.

जुनी एक दसऱ्याची सकाळ आहे. तुम्ही गाडी धुतली आहे, झेंडूची माळ बॉनेटवर आहे, आणि मी वाटीत कुंकू घेऊन उभा आहे. पाणी घालायला जातो तर तुम्ही म्हणता, "लिंबात कालव. पान्यातलं कुंकू उमरेडपर्यंत बी टिकत नाही." आणि चार बोटं बुडवून याच चाकावर, त्याच जागी ओढता. इंजिनाच्या पंख्याच्या पट्ट्यात अर्धं गेलेलं तुमचं मधलं बोट, त्याची रेघ दरवर्षी खालून सुरू होते. बाकीच्या तीन चाकांना काही नाही. ते मागं मागं येतातच, म्हणता. दिवाळीपर्यंत पुसायचं नाही. मी सांगतो, बाबा, लिंबू लोखंड खातं, जंग चढेल. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "देवाच्या लिंबानं जंग नाही लागत."

लागला, बाबा. मी बरोबर होतो. इतक्या वर्षांनी तळहाताएवढा पुरावा हाताखाली आला आणि ज्याला दाखवायचा तोच नाही. पुट्टीचा डबा उघडा होता. मी माझी बोटं त्या रेघांवर ठेवून पाहिली. माझं मधलं बोट पुरं आहे, ते बसत नाही. आखडून ठेवलं तेव्हा बसलं. तसाच किती वेळ बसून राहिलो, पुट्टीवर साय धरली.

त्या चाकाला पुट्टी भरली नाही. रंग दिला, पातळ, रेघा बुजणार नाहीत इतकाच. काल गिऱ्हाईक आला. तीन चाकांवरून त्याने हात फिरवला, मान डोलावली. चौथ्यापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "काका, हे काहून अर्धंच सोडलं? पुट्टी मारून द्या, बाकी सगळं पक्कं."

मी म्हटलं, हे इतकंच होतं.

हा कागद गाडीत पुढच्या सीटवर ठेवतो. मागे ठेवला तर तुम्ही बघायचा नाहीत. पुण्याला अजून काही कळवलेलं नाही. गिऱ्हाईक अठरा हजार देत होता, रोख. मी नाही म्हटलं.