जांभळा गोल

आण्णा, तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली आणि माझ्या तळघराची भिंत अजून ओलीच आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर 'कशी आहेस' विचारायच्या आधी 'भिंत कशी हाय' असंच विचारलं असतंत. जन्मभर लोकांच्या गच्च्या नि टाक्यांची गळती बंद केलीत, जुईनगरच्या दोन खोल्यांतून रोज पिशवी घेऊन निघायचात, आणि लेकीनं कामोठ्यात रो-हाऊस घेतलं तेव्हा तळघराच्या कामाला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीत. बापाकडून लेकीला भेट म्हणालात.

तुमची ती जांभळी कॉपिंग पेन्सिल आठवते. जिभेला लावून ओली करायची, जिथं दोष सापडेल तिथं गोल काढायचा आणि आत तारीख नाही, तिथी लिहायची. "हितलं पाणी पावसाचं न्हवं गं, खाडीचं हाय. त्ये तिथी बघून चढतंय." बाकीचे गवंडी अमावस्येला थापीला हात लावत नाहीत, तुम्ही मुद्दाम अमावस्येलाच, भर दुपारी, भरतीच्या वेळेला ओल बघायला जायचात. हातोडीच्या दांड्यानं ठोकत, कान लावून. भरीव असेल तर टक, पोकळ असेल तर बद्द. तुमची जांभळी जीभ बघून माझ्या मैत्रिणी घाबरायच्या, आणि मला भारी मजा वाटायची.

माझ्या तळघरात कोपऱ्यात तुम्ही जमिनीत एक पाइप उघडा ठेवलात. खालचं पाणी त्यातून वर यायचं, शेजारच्या खड्ड्यात पडायचं, मोटर ते बाहेर फेकायची. "ह्यो बुजवू नगंस. खालनं खाडी दाबती, तिला ह्येवढीच जागा ठिवलीया." मी मान डोलावली. पण तिथं माझी शिकवणी चालायची. पाइपातून चिखलाचा वास, डास, मुलांच्या आया नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघायच्या. शेवटी वैतागले. एका दुपारी सिमेंट कालवलं, पाइप बुजवला, वर लोखंडी कपाट सरकवलं. मिस्त्रीची लेक ना मी, थापी धरता येत होती! कुणाला काही सांगितलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात भिंतीतून पाणी आलं. सासऱ्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "व्याह्यांनी केलंय काय हे?" आणि मी, आण्णा, तोंड वर करून म्हणाले, "आण्णा, तुमचं काम गळलं." दोनदा प्लास्टर फोडून पुन्हा केलंत, त्या वयात. सर्वपित्री अमावस्येला आमच्याकडे वर पानं वाढली होती आणि तुम्ही एकटे खाली होतात. बराच वेळ टकटक ऐकू येत होती. मग वर आलात, ओठ जांभळे, घाम पुसलात आणि सासऱ्यांना म्हणालात, "हात कापत्यात आता. चूक झाली आसंल माझी." दिवाळीच्या आधीच गेलात. मातीला आलेली तुमच्याच कामावरची माणसं कुजबुजत होती, शेवटचं काम बिघडलं म्हाताऱ्याचं. मी ऐकलं आणि खाली बघत राहिले.

तेव्हापासून अमावस्येला दुपारी खालून टकटक येते. टक, टक, टक, बद्द. मोटर बंद असते, शेजारी कुणाचं काम चालू नसतं. ओलीमुळे शिकवणी आता वरच्या हॉलमध्ये घेते. मुलं विचारतात, "टीचर, खाली कोण आहे?" मी म्हणते, कोणी नाही, गणितं करा.

आज सर्वपित्री. सकाळी नवा मिस्त्री आला, भिंतीत केमिकल भरायला. त्यानं कपाट हलवलं. खाली माझं सिमेंट, त्यावर माझ्याच बोटांचे ठसे, आणि भोवती जांभळा गोल. आत तुमच्या अक्षरात एकच शब्द, सर्वपित्री. म्हणजे तुम्हाला कळलं होतं! कपाट सरकवलंत, खूण केलीत, कपाट परत जागेवर लावलंत आणि वर येऊन माझी चूक अंगावर घेतलीत. मी जिन्यात बसले.

"ताई, भिंतीत दोष नाहीच," मिस्त्री म्हणाला. "हा पाइप कोणी बुजवला? सगळं प्रेशर भिंतीवर आलंय." सासरे शेजारीच उभे होते.

"माझ्या वडिलांनी," मी म्हणाले.

सासरे 'वाटलंच होतं' म्हणून वर गेले. मिस्त्री गोलाकडे बघत राहिला. "ज्यानं बुजवलं तो वर खूण कशाला करेल? उद्या फोडतो. तेव्हा तुमच्या सासऱ्यांना नीट दाखवतो."

आता सगळे वर जेवायला बसलेत, तुमच्याही नावाचं पान आहे. मी खाली फरशीवर बसून हे लिहितेय, आणि टकटक माझ्या गुडघ्याखालूनच येतेय. हे पत्र कुठं टाकणार? टाकणार नाहीच. पण खरं सांगते, मी पत्र लिहायला खाली आले नव्हते. ओलं फडकं घेऊन आले होते, उद्याच्या आत तो गोल पुसायला. तीनदा घासलं. तुमची पेन्सिल पाण्यानं पुसत नाही, आणखी गडद होते, हे विसरलेच होते. माझी बोटं जांभळी झालीत, आण्णा, आणि वरून जेवायला हाक मारताहेत.