पोहायचे पंजे आणि विहिरीतला माझा हिस्सा

मी, सुरभी रामराव भोयर, वय वर्षे चोवीस, शिक्षण बी.एस्सी. (भौतिकशास्त्र, दुसरा वर्ग), धंदा शेतीकाम व शिकवणी, राहणार मौजे सावळवाडी, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ, आज सकाळी दोन भाकरी खाऊन, अंगात ताप नसताना, डोके जागेवर असताना आणि कोणीही मागे लागलेले नसताना, माझ्या हाताने लिहून ठेवते की, माझ्या पश्चात माझ्या वस्तूंची आणि माझ्या एका अर्धवट कामाची व्यवस्था पुढे लिहिल्याप्रमाणे व्हावी.

आधी कारण सांगते. येत्या रविवारी पूस धरणाच्या पाण्यात दोन किलोमीटर पोहण्याचा एका मंडळाचा कार्यक्रम आहे. मी स्वतः बनवलेले पंजे हातांवर घालून त्यात उतरणार आहे. मंडळाच्या फॉर्मवर शेवटी बारीक अक्षरात लिहिले होते की पोहणाऱ्याच्या जिवाला काही झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही. बाकीच्यांनी न वाचता सही केली, मी वाचून केली. परत येताना एसटीत वाटले की मंडळ जबाबदार नाही तर कोणीतरी असलेच पाहिजे, आणि ते मीच असलेले बरे.

मला मरायचे नाही. हे ठळक लिहिते, कारण आमच्या जिल्ह्यात कोणी एकट्याने कागद घेऊन बसले की घरच्यांचा जीव वरखाली होतो. आईने मला लिहिताना पाहिले आणि कागद हातातून ओढून घेतला. दोन भाकरींपर्यंत वाचले आणि परत दिला. म्हणाली, तीन खाल्ल्या होत्या. दुरुस्ती मान्य आहे.

तहसीलसमोरच्या अर्जनविसांना मृत्युपत्र कसे लिहितात ते विचारले, तर त्यांनी घरात कोण म्हातारे आजारी आहे असे विचारले. माझेच आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावून मला नीट पाहिले. मग एकच सल्ला दिला: ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्षीला सही घेऊ नये, पुढे भांडणे होतात. तो सल्ला मी पाळला आहे.

माझ्या वस्तू थोड्या आहेत, त्या लवकर संपतील. खरा प्रश्न एकच आहे आणि तो कलम पाचमध्ये आहे: माझी धाकटी बहीण प्राची पुन्हा पाण्यात उतरणार की नाही.

कलम १. बँकेत माझ्या नावावर जे असेल ते आईचे, म्हणजे सौ. विमलताई यांचे. त्याचे तिने काय करावे हे मी सांगणार नाही. फक्त माझ्या वर्षश्राद्धाला गाव जेवू घालू नये.

सायकल आईचीच. तिला चालवता येत नाही असे ती म्हणते. मी तिला एकदा पांदण रस्त्यावर पाहिले आहे.

कलम २. पंजे म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. पोहताना तळहातावर घालायचा हा प्लास्टिकचा तुकडा. त्याने हात जास्त पाणी मागे ढकलतो, खांदे तयार होतात आणि हात वाकडा पडला की तिथल्या तिथे कळते. कल्पना माझी नाही. कॉलेजात असताना अमरावतीला स्पर्धेला गेले होते. तिथल्या मुलींच्या पिशव्यांत निळे पंजे होते. मी शेवटची आले. एका मुलीने आपले पंजे मला एका फेरीपुरते दिले, आणि त्या फेरीत मला पहिल्यांदा पाणी हातात धरता आले. परतीच्या गाडीत मी तिकिटाच्या मागे त्यांचे चित्र काढले.

पहिली जोडी मी फवारणीच्या औषधाच्या डब्यातून कापली होती. ती आज माझ्या मालमत्तेत नाही, कारण आईने पाहिली त्याच दिवशी खड्डा करून पुरली. गेल्या वर्षी फवारणीच्या विषाने जिल्ह्यात किती माणसे गेली ते सगळ्यांना माहीत आहे. डबा कितीही धुतला तरी तो डबाच. आईचे बरोबर होते, हे तोंडी कधी म्हटले नाही, इथे लेखी म्हणते.

दुसरी जोडी पाईपची, भाकरीएवढी. ती घालून मी आठ दिवस पोहले आणि पुढचे आठ दिवस मला वेणी घालता आली नाही. सुखीबाई राठोड, ज्यांनी मला लहानपणी पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकवले, त्यांनी ती पाहून विचारले, "हे पंजे हाय का सूप? पाण्यात काय तूर पाखडाची हाय?" ही जोडी माझ्या शिकवणीच्या मुलांना द्यावी. चूक केवढी असू शकते ते मापाने कळावे म्हणून.

कलम ३. महागावचे घनश्याम हार्डवेअरवाले यांना माझ्याकडचा उरलेला पाईप द्यावा. मला चार इंची पाईप एक फूट हवा होता. ते म्हणाले, दहा फुटांच्या खाली कापत नाही, आणि चार गिऱ्हाइकांसमोर विचारले, "एक फुटात काय उंदीर पाळून राह्यली का?" मी दहा फूट घेतला आणि एसटीतून तो आडवा धरून आणला. सात प्रवासी आणि एक कोंबडी यांची मी अजून ऋणी आहे. उरलेला तुकडा दुकानाच्या दारात उभा करावा, म्हणजे पुढच्या वेळी कोणी एक फूट मागितला तर त्यांच्याकडे कापायला असेल. राग नाही. थोडा आहे.

कलम ४. यवतमाळहून मला पाहायला आलेल्या मंडळींना खरे काय ते कळवावे. मुलाच्या आईने माझे भोकांचे पंजे उचलून हा बुंदीचा झारा का, असे विचारले, आणि माझ्या आईने घाबरून हो म्हटले. तेव्हापासून मुलीच्या हातची बुंदी खायला कधी येऊ, असा निरोप दोनदा आला आहे. मला बुंदी येत नाही. मुलगा, स्वानंद, बरा वाटला. त्याने एकट्यानेच पंजा हातावर लावून पाहिला होता.

कलम ५. आता मुख्य.

तिसरी जोडी बोटांसकट तळहाताएवढी होती. तिला तापवलेल्या दाभणाने बारा भोके पाडली होती, म्हणजे पाणी हाताला लागत राहते. मापात ती बरोबर होती. चूक बांधण्यात होती. गेल्या वर्षी सप्टेंबरात, विहीर वरच्या टप्प्यापर्यंत भरलेली असताना, मी ती प्राचीच्या मनगटांना सुतळीने बांधली. पोत्याचे तोंड बांधतात ती गाठ मारली. ती बाबांनी मला सहाव्या वर्षी शिकवली आणि आमच्या घरात ती आपोआप कधी सुटलेली नाही. सुतळी भिजली की फुगते आणि गाठ आवळते, हे कापसाच्या घरात पोराटोरांना ठाऊक असते. मी पदवीधर, मला त्या दिवशी आठवले नाही. मी घड्याळ आणायला शेतातल्या खोपडीत गेले.

प्राची दोन फेऱ्या सुंदर पोहली. दमली तेव्हा तिने पायरीचा दगड धरायला हात टाकला, आणि हात घसरला. बोटांवर प्लास्टिक होते. शहरातल्या तलावात पोहणाऱ्याला काही धरावे लागत नाही, कठडा रुंद असतो आणि कोपर टेकले तरी भागते. विहिरीत दगड धरावा लागतो, दोर धरावा लागतो. ज्यांचे पंजे पाहून मी माझे केले, त्यांना विहीर ठाऊक नव्हती. मला होती.

बाबा काठावर होते. त्यांना पोहता येत नाही. त्यांनी दोर सोडला, तो तिच्या हातापर्यंत पोहोचला, आणि तिला तो पकडता आला नाही. बाबा दोर हलवत राहिले. शेजारच्या वावरात सुखीबाई गवत कापत होत्या. त्यांनी लुगड्यासकट उडी टाकली, तिला पायरीवर आणली आणि विळ्याने सुतळी कापली. मी घड्याळ घेऊन आले तेव्हा सगळे झालेले होते. ही जोडी कोणालाही देऊ नये. जाळावी.

पुढच्या आठवड्यात बाबांनी विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. मोटारीचा पाईप जाईल एवढीच फट ठेवली. कुलूप लावले आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात ठेवली. लोक म्हणाले, रामराव पोरीवर रागावला. मीही तसेच समजत होते. मग एकदा जेवताना ते ताटाकडे पाहून म्हणाले, "गाठ माझी होती." एवढेच. त्यानंतर बोंडअळीने कापूस गेला, डिसेंबरात उभ्या पिकात नांगर घातला, आणि काम नसलेल्या दिवसांत बाबा जाळीवर जाऊन बसू लागले. यंदा वेचणी पुन्हा सुरू आहे. जाळी तशीच आहे. चौदा महिने झाले.

प्राची पंधरा वर्षांची आहे. माझ्यापेक्षा चांगली पोहते. तिचे खांदे पाण्यासाठीच केलेले आहेत. ती हल्ली दुपारी खाटेवर पालथी पडते आणि माझे पंजे घालून हवेत हात मारते. मी काही बोलले तर म्हणते, "ताई, कोरडंच पोहून राह्यली ना मी. कोरड्यालेही कुलूप लावता का?"

म्हणून असे लिहून ठेवते: आमची जमीन वडिलोपार्जित आहे, आणि कायद्याने तिच्यात मुलींचाही हिस्सा आहे. जमिनीत विहीर आली. त्या विहिरीत माझा जो अविभक्त हिस्सा आहे, तो काठ, पायऱ्या आणि पाण्यासकट, मी प्राचीला देते. ती सज्ञान होईपर्यंत आईने तो सांभाळावा. तेवढ्या हिश्शात तिला पोहण्यास कोणी मनाई करू नये. विहिरीचा हिस्सा कसा मोजायचा, असे अर्जनविसांनी विचारले. मी म्हटले, तो मोजायचा नाही, त्यात पोहायचे आहे.

कलम ६. चौथी जोडी प्राचीची. रविवारी मी हीच घालणार आहे, त्यामुळे ती सापडेल तिथून घ्यावी.

हिची रचना मात्र कोणा एकाची नाही. जो मागेल त्याला सांगावी, कोणी तिच्यावर आपले नाव घालू नये, माझेही नको. कृती अशी: चार इंची पाईप उभा चिरावा, चुलीच्या धगीवर मऊ करावा आणि पाट्याखाली दाबावा, पण पूर्ण सपाट करू नये. पाईपची जी थोडी गोलाई उरते तीच तळहाताची आहे. हे कळायला मला तीन जोड्या लागल्या. लांबी तळहातापुरतीच ठेवावी, बोटांची पेरे बाहेर राहिली पाहिजेत. मधल्या बोटासाठी सायकलच्या ट्यूबची एक कडी लावावी. मनगटाला काहीही बांधू नये, दोरी नाही, नाडी नाही, राखीसुद्धा नाही. हात वाकडा पडला तर पंजा निसटेल, निसटू द्यावा. मूठ वळली की तो मागे लोंबतो आणि दगड धरता येतो. सुखीबाईंच्या तांड्यावरच्या विहिरीत मी आणि त्यांनी हे एकशे अकरा वेळा करून पाहिले आहे. एकशे बाराव्या वेळी त्या म्हणाल्या, आता पंजाले येते, मलेच येत नाही, आणि घरी गेल्या.

कलम ७. माझे वडील श्री. रामराव यांना मी काहीही ठेवलेले नाही.

मघाशी त्यांनी कागद पाहिला आणि विचारले, "याच्यात माझं नाव काहून नाही?" मी अर्जनविसांचा सल्ला सांगितला: मला तुमची साक्षीला सही हवी आहे, म्हणून तुम्हाला काही देता येत नाही. त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे मले नुसतं वाचाचं." मी म्हटले, वाचायचेही बंधन नाही, माझी सही होताना पाहिली तरी चालते. ते म्हणाले, वाचल्याबिगर आपण कुठी सही करत नसतो. हे खरे आहे. सातवीपर्यंत शिकलेले माझे बाबा बियाण्याच्या पिशवीमागचा मजकूरही उन्हात उभे राहून पूर्ण वाचतात.

तेव्हा बाबा, हे तुम्ही वाचत असाल तर एवढेच. गाठ तुमची होती, पण मारली मी. तुमचा दोर बरोबर जागी पडला होता.

वर लिहिलेले सर्व मी समजून उमजून लिहिले आहे. खाली दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते.

ठिकाण: सावळवाडी, ता. महागाव, जि. यवतमाळ
दिनांक: १५ नोव्हेंबर २०१८, गुरुवार

लिहून ठेवणार:
(सही) सुरभी रामराव भोयर

साक्षीदार १:
(सही) सुखीबाई धनसिंग राठोड. अंगठा नाही, सहीच केली आहे.

साक्षीदार २:
(सही) रामराव भोयर
सगळं वाचलं. कलम पाच मले मंजूर नाही. प्राचीले पोहाले भेटावं म्हणून कोणी मराची गरज नाही. उद्या सकाळी दोघी विहिरीवर या.

टीप: साक्षीदाराला मृत्युपत्रात आपल्याकडून मजकूर घालता येत नाही, त्यामुळे हा कागद आता बाद धरावा लागेल. दुसरा स्वच्छ कागद घरात आहे. मी तो घेतलेला नाही.
सु. रा. भो.