पिशवीतल्या जंतूंची खबर

आदरणीय ताममामांना भाची येनचा मानाचा नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? नव्या वर्षाचा तेत तीन दिवसांवर आला, मामींनी केळीच्या पानात भात बांधायला घेतला असेलच. इकडे सगळे ठीक (डुकरं तर फारच ठीक).

मामा, माझी पदवी भिंतीवर लागली तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "आता हिचं करायचं काय?" तर मी डुकरांच्या खोपटामागे बारा हात लांब प्लास्टिकची पिशवी बसवली. खोपट धुतलं की घाण नाल्याने पिशवीत जाते, आतले जंतू ती खातात आणि गॅस सोडतात. पिशवी फुगून पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी दिसायची. तिला टेकून बसलं की मला दिसायचं, अख्ख्या कालव्यातल्या होड्या डुकरांच्या श्वासावर चालल्या आहेत, धूर नाही, डिझेल नाही. (श्वास म्हणजे, तुम्हाला कळलंच.)

बाबांची अट होती: शेताला पाणी उपसायचं इंजिन या गॅसवर चाललं तर मी इथेच राहायचं, नाही तर तेतनंतरच्या पौर्णिमेला शहरात बुटांच्या कारखान्यात जायचं.

परवा सगळा कालवा बघायला जमला. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. पिशवी पार चपटी. शेजारचे नामकाका म्हणाले, "पोरी, डुकरं शाळेत न जाता गॅस सोडतात, तुला चार वर्षं शिकून जमेना?"

घोळ मग कळला. तेतला आपण घर धुतो, झाडांच्या खोडांना चुना फासतो. यंदा पाहुणे येणार म्हणून (पदवीधर मुलीच्या कामाला वास नको) आईने खोपटही आठवडाभर चुन्याने आणि जंतुनाशकाने धुतलं. ते सगळं पाणी पिशवीत. मी ओरडले, "आई, जंतू मेले गं!" ती खुलून म्हणाली, "मेले ना? बाटलीवर लिहिलंच होतं तसं!" तिचे हात चुन्याने सोलले होते. मी खोबरेल लावून दिलं.

पण मी खचलेली नाही. पिशवी रिकामी करून नुसत्या पाण्याने धुतली आहे. संध्याकाळी होड्या फटफटत जातात, तेव्हा मला अजूनही त्यांचा धूर दिसत नाही.

तुमची,
येन

ता.क. तुमच्या गाई कशा आहेत? त्यांचं ताजं शेण, दहा बादल्या, उद्याच्या प्रवासी होडीने पाठवाल का? जिवंत जंतू त्यात भरपूर असतात. (बादल्या कृपा करून धुऊ नका.)

आणखी एक ता.क. आईने पत्र वाचलं. म्हणते, सणाला माहेरून येतंय, तर बादल्यांना लाल कागद लावा. चारचौघांत उघडं नको.

शेवटचा ता.क. कारखान्याचा माणूस आत्ताच नावं लिहून घ्यायला आला होता. बाबांनी ओट्यावरूनच सांगितलं, "पौर्णिमेला जमायचं नाही. पोरीचे जंतू यायचेत."