पहिली रांग

नार्नूर,
रविवार, २ मार्च २०२५

प्रिय नागसेन गुरुजी,

सप्रेम जय भीम. तुझी आणि वहिनींची तब्येत बरी आहे असं धरून चालतो. इकडे कापूस उलगला, वेचण्या संपल्या, लग्नं सुरू झाली, माझे सगळे भोंगे गावोगावी गेलेत. दुकानात मी आणि एक बिघडलेला अॅम्प्लिफायर, दोघंच. म्हणून लिहायला सवड मिळाली. नाटकाचं बोलणं फोनवर नाही, कागदावरच, हा नियम तुझाच.

तर तुझं फर्मान मानून किनवटला जाऊन ते नाटक पाहून आलो. ‘चुकवलंस तर मैत्री तुटली समज’ असं तू लिहिलं होतंस. आजवर तू पाहायला लावलेल्या नाटकांपैकी मला तीनच पटली नाहीत, आणि तिन्ही कोर्टाची होती. त्यांत वकिलापासून शिपायापर्यंत सगळेच ओरडतात. हे मात्र पटलं.

मी निम्मं नाटक डोळे मिटून पाहतो हे तुला ठाऊक आहे. साक्षी शेजारून कोपर मारते, “बाबा, झोपून राह्यले का?” लेकीला काय सांगू, कान उघडे आहेत म्हणून! आईचं काम करणारी ती बाई लेकाचं नाव घेण्याआधी जरा थांबते. ते थांबणं मला ऐकू आलं. लेकाचं काम करणारा मात्र वाक्याचं शेपूट गिळतो. तुझी ओळख असेल तर त्याला कळव.

दुसऱ्या अंकात लाइट गेली. माझा हात सवयीनं खिशातल्या टेस्टरकडे. पण बाई थांबली नाही. चार पावलं पुढे, स्टेजच्या काठाशी आली आणि अंधारातच बोलत राहिली. मी उठून पार शेवटच्या रांगेमागे जाऊन उभा राहिलो. शब्द न् शब्द पोचत होता. जन्मभर लोकांना भोंगे पुरवले, पण त्या दहा मिनिटांत मला माझाच धंदा फुकाचा वाटला.

परतीच्या बसमध्ये साक्षीनं विचारलं, “नागसेनकाका एवढे नाटकं पाह्यतात, मंग सोता काऊन करत नाहीत?”

मी म्हटलं, “त्याचा आवाज बसते.” आणि खिडकीबाहेर पाहू लागलो.

हे वाक्य मी आयुष्यात दोनदा बोललो. पहिल्यांदा तुलाच.

तुझं नाटक, ‘साल मोडलं’. १४ एप्रिल २००३, विहारापुढचं पटांगण. लिहिलेलं तू, मुख्य कामही तुझं, आणि माझा स्वतःचा पहिला माईकसेट. मालक मसणवट्याची वाट काट्या टाकून बंद करतो. वस्ती ठराव करते, वाट मोकळी होईतो त्याच्या वावरात कोणी पाय ठेवायचा नाही. तिसऱ्या दिवशी गोमा, मालकाचा वर्षाच्या बोलीचा सालदार, नाल्यातून लपत कामावर जातो आणि ठराव मोडतो. शेवटी भरसभेत तू त्या गोम्याला जाब विचारतोस. तालमीत गोमा मान खाली घालून म्हणाला, “आता मी काय बोलू, बापहो,” आणि मी ओळखलं. ते बोलणं माझ्या बापाचं होतं. तू तुझ्या वडिलांकडून ऐकलेली गोष्ट लिहिलीस. तो गोमा म्हणजे आमचे रामाजी, हे वस्तीतल्या पोरासोरांनाही कळलं असतं.

खेळाच्या संध्याकाळी बाबा धुतलेली टोपी घालून पहिल्या रांगेत बसले. तुझं भाषण सुरू झालं आणि मी बटण फिरवलं. एकदम बंद केलं असतं तर लोकांनी मला शिव्या दिल्या असत्या. हळूहळू उतरवलं, म्हणजे वाटावं की आवाज तुझाच खचतोय. मागून “आवाज! आवाज!” सुरू झालं. तू ओरडलास, गळा फाटला, पोरं हसली. आत येऊन तू विचारलंस, “चंपत, माईक गेलता काय बे?”

मी म्हणालो, “माईक ठीक होता गुरुजी. तुयाच आवाज बसला.”

बटणापेक्षा हे वाईट. पुढच्या वर्षी तू नांदेडची नोकरी धरलीस, आणि पुन्हा स्टेजवर चढला नाहीस. तिथून पत्रं येऊ लागली, हे बघ, ते बघ. तू सांगत गेलास, मी एकही न चुकवता पाहत गेलो. त्याला तू माझी आवड समजलास.

जानेवारीत बाबांना खांदा द्यायला आलास. त्याच वाटेनं नेलं आपण त्यांना. तेव्हाच सांगणार होतो. तोंड उघडलं नाही.

बाबा जायच्या आठवडाभर आधी मी त्यांचे पाय चेपत होतो. एकदम म्हणाले, “नागसेनचं नाटक पुन्हा लावा ना रे.”

मी विचारलं, “तुमाले आयकू आलतं?”

“अबे, मी पहिल्या रांगेत होतो. मले माईक कायले लागते? मागच्यायलेच नाही आयकू आलं.”

पाहा ही माईकवाल्याची अक्कल! ज्याच्यापासून लपवायचं, त्यानं सगळं ऐकलं. ज्यांनी ऐकायला हवं होतं, ते तेवढे राहिले.

मग म्हणाले, “खरं बोलला तो. पन अर्धंच. बाकीचं त्याले कोनी सांगतलंच नाही.”

बाकीचं मलाही तेव्हाच कळलं. ठराव झाला तेव्हा मी सहा वर्षांचा, तापानं फणफणलेलो. उटनूरच्या दवाखान्यात न्यायला गावात जीप एकच, मालकाची. तो म्हणाला, कामावर ये, जीप ने.

“मंग सभेत सांगतलं काऊन नाही?” मी विचारलं.

“वाट समद्यायची होती. पोट्टं माह्या एकट्याचं.”

एवढंच बोलले आणि कूस बदलली.

साक्षी आणि तिच्या मैत्रिणींना या १४ एप्रिलला ‘साल मोडलं’ करायचंय. वही माझ्या ट्रंकेत आहे, तुझ्या खाडाखोडीसकट. गोम्याचं काम करणारा मिळेल. भाषण मात्र तुझं. त्यातला एक शब्दही कमी करू नको. एकदा मी कमी केलं ते पुरे. फक्त नंतर गोम्याला बाबांचं ते ‘पोट्टं माह्या एकट्याचं’ दे. तुला आधी कळलं असतं तर तूच दिलं असतंस.

माईक लावणार नाही. मी शेवटच्या रांगेमागे उभा राहीन. तू रागावशील, ते हक्कानं. राग आण, पण ये.

तुझा आवाज कधीच बसला नव्हता, हे बावीस वर्षं उशिरा सहीनिशी लिहून देणारा,

रामाजीचा चंपत