खिंडीतली झेंडी

१२ जानेवारी १९७६, खापरखेडा
शेवटी एक काम मनासारखं मिळालं! वसाहतीतून जेवणाचे बारा डबे घ्यायचे आणि दुपारच्या आत कोळशाच्या यार्डात पोचवायचे. वाट जुन्या रेल्वेलाइनची. रूळ केव्हाच उपटून नेले, गिट्टी तेवढी उरली. आता सारं गाव तिच्यावरून पायी चालतं. ना चढ, ना उतार. माझ्यासारख्या भटक्यासाठीच बांधली जशी. आज एक कटलेला पतंग दिसला, त्याच्यामागे बाभळीत शिरलो. डबे थंड, शिव्या गरम. खोली रुखमाबाईकडे. विधवा बाई, जिभेने तिखट. म्हणे, रोज आंघोळ करत जाय गा, नाहीतर म्हशीपाशी झोप.

१४ जानेवारी
लाइन मध्येच एका खिंडीतून जाते. तिथे जो तो वाटेवरून खाली उतरतो, आपलं न् बापाचं नाव मोठ्याने सांगतो, मगच पुढे जातो. शाळेतल्या हजेरीसारखं. मला हसू आलं. मीही ओरडलो, चंद्रभान, बाप लहानू गँगमन! बाबा मरेपर्यंत एवढंच सांगत, की तरुणपणी इकडेच कुठे रेल्वेच्या गँगमध्ये होते.
पुढे चालणाऱ्या बायका थबकल्या. कोणी वळून पाहिलं नाही. मग एकदम पळत सुटल्या.

१५ जानेवारी
रुखमाबाईने ताट वाढलं नाही. उंबऱ्यात बसून सांगितलं. वीस वर्षांआधी खिंडीत सहा माणसं गिट्टी भरत होती. वळणावर लाल झेंडी घेऊन लहानू उभा. गाडी दिसली की ओरडायचं, एवढंच त्याचं काम. तो कोंबड्यांची झुंज पाहायला गेला. सहाच्या सहा गाडीखाली गेले, त्यात तिचा नवरा रुपराव. लहानू त्याच दिवशी पळाला. तेव्हापासून खिंडीतले ते सहा विचारतात, तू कोणाचा? म्हणून लोक बापाचं नाव सांगतात. आपण लहानूचे नाही, हे त्यांना कळावं म्हणून.
मी म्हटलं, यात माझा काय दोष, मी तर पाळण्यात होतो. ती म्हणे, माही पोरगीबी पाळण्यातच होती गा.
मग हसली. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

१६ जानेवारी
काम सोडून वाडीला आलो. ट्रकवाल्यांच्या गोदामात पडलो आहे. दुपारी बाराला फरशीखालून फावड्यांचा आवाज. हमालांना विचारलं, त्यांना काही ऐकू येत नाही. जोडे काढले तर दोन्हींत गिट्टी.

१७ जानेवारी
अमरावतीचा ट्रक पकडला. डोळा लागला. ड्रायव्हरने हलवलं, म्हणे उतर, तुझं ठिकाण आलं. उतरलो—
खिंड. मागे ट्रक नाही. रस्ताही नाही.
बापाचं नाव बदलून सांगितलं. कानाशी कोणी म्हणालं, लबाड बोलू नको, आवाज त्याचाच आहे तुले.

दुपार
घोट्यापर्यंत गिट्टीत. पाय निघत नाहीत. सहा जण आहेत. मले फावडं दिलं, ते टाकून लिहून राहिलो—
रूळ दिसून राहिले. नवे. गाडी वाजून राहिली—
वळणावर बाबा. जवान आहेत. हातात झेंडी. मी हाक मारली, त्यांनी पाहिलं, ओळखलं मले—
सहाही हसून राहिले. म्हणे, आता पाह्य.
बाबा चालले, कोंबड्यांच्या झुंजीकडे. रडून राहिले, पण पाय थांबत नाहीत त्यांचे. झेंडी खाली पडली. बाबा, ओरडा तरी, एकदा ओर—