आजपासून जेटस्की तूच धुवायचीस

सुयशदादा,

मी हरिहरेश्वरला चालले आहे. तिथल्या एका बोटवाल्याने मला जेटस्की चालवायला ठेवलं आहे. आपली जेटस्की आजपासून तूच धुवायचीस, म्हणून नीट वाच.

समुद्रातून वर काढलीस की उघड्या अंगणात घे, शेडमध्ये नको. कोंडलेल्या धुराने जीव जातो. आधी इंजिनाला गोड्या पाण्याची नळी जोड, मग इंजिन चालू कर आणि लगेच पाणी सोड. थांबवताना पहिल्यांदा पाणी बंद कर आणि दोनचार सेकंदांत इंजिन. पाण्याशिवाय पंधरा सेकंदांच्या वर चालवलंस तर आतून जळतं.

हे तुला चांगलं ठाऊक आहे. गेल्या दिवाळीत मित्रांना आवाज ऐकवायला तू नळीशिवाय दहा मिनिटं इंजिन चालवलंस आणि बाबांना सांगितलंस, "आश्लेषाने जाळलं." बाबांनी इंजिन दुरुस्त करून आणलं आणि माझ्याकडून चावी काढून घेतली. अख्खा सीझन मी किहीमच्या वाळूत पाहुण्यांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत राहिले आणि तू माझ्या डोळ्यांसमोर फेऱ्या मारत होतास.

त्या दिवसाचा व्हिडिओ काल मला सलिलने दिला. हो, तुझ्याच मित्राने. आज सकाळी तो बाबांना दाखवला. ते चहा तसाच टाकून उठले. मला जराही वाईट वाटलं नाही.

या चिठ्ठीचा फोटोही त्यांना पाठवला आहे. आता इंजिन जळलं, तर नाव घ्यायला घरात तुझ्याशिवाय कुणी नाही.

आश्लेषा